पेपरातला भाऊ आणि घरातला भाऊ

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांना हिवाळ्याची वेगळी सुट्टी नसते. दिवाळीच्या सुट्टीतले थोडे दिवस वाचवायचे आणि ते नाताळला जोडून घ्यायचे, एवढंच. पण माझ्या सगळ्या नोकरीत धावपळीचा काळ कोणता असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन, दिवाळीनंतर शाळा उघडते तिथपासून नाताळची सुट्टी लागेपर्यंतचे आठवडे. त्या आठवड्यांत मी पाचवीच्या हुशार पोरांचा जादा तास घ्यायचे.

हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "मग काय मॅडम, मजाच. हुशार पोरांना शिकवायला काय लागतं?" अशा माणसाला मी डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी शाळेत बोलवायला हवं होतं. मठ्ठ म्हणून ज्याला आपण हिणवतो ते पोरगं निमूट ऐकून तरी घेतं. हुशार पोरगं आधी प्रश्नातच खोट काढतं, मग तुमच्या उत्तरात, आणि मग मधल्या सुट्टीत तुमची नक्कल करून दाखवतं.

मी मूळची देऊळगाव राजाची. आमच्याकडची भाषा जालन्याकडे झुकलेली. नोकरी मात्र बरीचशी मोताळा तालुक्यात झाली, रोहिणखेडच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच आहेत आणि वाचणारी आहेत. पहिल्या दिवशी मी वर्गात एकाला विचारलं, "उशीर का झाला?" पोरं एकमेकांकडे बघून हसली. मागून आवाज आला, "मॅडम 'काऊन'ले 'का' म्हन्ते बे." पुढे मीही घरी नवऱ्याला "काऊन" म्हणायला लागले, तो भाग वेगळा.

तासाचं सांगते. जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेची प्रवेश परीक्षा जानेवारीत असते. निवड झाली की सहावीपासून पुढचं शिक्षण, राहणं, खाणं सगळं तिथंच. पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा असतेच. दोन्हींचा अभ्यास नाताळच्या आत उरकावा लागतो, कारण सुट्टीत पोरं कापूस वेचायला जातात आणि सुट्टी संपली तरी कापूस संपत नाही. म्हणून शाळेच्या आधी तास. थंडी अशी की खोलीत बोटं वळत नाहीत. आम्ही मैदानात उन्हाच्या पट्ट्यात बसायचो आणि ऊन सरकेल तसे सतरंजीसकट सरकायचो. गणित भिंतीपाशी सुरू व्हायचं आणि हापशापाशी संपायचं.

तासाला कोण घ्यायचं हे मी मार्कांवरून ठरवत नसे. मार्क पाठांतरालाही पडतात. मी मुद्दाम एक अर्धवट प्रश्न द्यायचे, ज्याला उत्तरच नाही. बहुतेक पोरं काहीतरी आकडा लिहून मोकळी होत. जे पोरगं वही परत आणून "मॅडम, याच्यात काहीतरी राह्यलं तुमचं" असं म्हणायचं, ते माझं.

असाच एक प्रणव होता. मी फळ्यावर लिहिलं: इडली, डोसा, सांबार, उत्तप्पा. गटात न बसणारा शब्द ओळखा. उत्तर सांबार, कारण बाकीचे तीन आंबवलेल्या पिठाचे होतात आणि हे डाळीचं पातळ असतं. प्रणवनं पटकन सांबार सांगितलं. मी म्हटलं, "शाब्बास. कसं ओळखलं?"

"सोपं हाये मॅडम. बाकीचं खाऊन पोट भरते. सांबार तं भाजीवर टाकाचा असते."

त्या भागात सांबार म्हणजे कोथिंबीर. प्रणवनं दक्षिणेकडचं सांबार बापजन्मात पाहिलेलं नव्हतं. मला हसावं की समजावून सांगावं कळेना. शेवटी दोन्ही केलं. परीक्षेत मशीन फक्त काळा केलेला गोळा बघतं, त्यामागचं डोकं बघत नाही, म्हणून प्रणवला त्या प्रश्नाचा मार्क मिळालाच असता. पण जिथं कारण बरोबर आणि गोळा चुकीचा, तिथं पोरगं मार खातं. माझ्या कामाचा निम्मा भाग हाच होता.

आता श्रावणीचं सांगते. खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

श्रावणी चार भावांच्या एकत्र कुटुंबातली. तिचे वडील चौघांत थोरले. घरची शेती, कापूस आणि तूर, खाऊनपिऊन सुखी. पोरगी अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. तासाच्या पहिल्याच आठवड्यात मी गणित घातलं, दोन बाया एका वावरातला कापूस सहा दिवसांत वेचतात, तर तीन बायांना किती दिवस लागतील? सगळ्यांनी चार लिहिलं. श्रावणीनं हात वर केला.

"मॅडम, पयला वेचा का दुसरा?"

पहिल्या वेचणीला कापूस भरपूर असतो, दुसरीला कमी, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "पेपर काढणाऱ्यानं कापूस फक्त गादीत पाहिलाय असं समज आणि चार लिही." तिनं लिहिलं, पण तोंड वाकडं करून. मला वाईट वाटलं. इतक्या हिवाळ्यांत मी चांगल्या डोक्यांना हेच शिकवत आले, की तुला जे खरं ठाऊक आहे ते जरा बाजूला ठेव आणि त्यांना हवं ते लिही. त्याशिवाय मार्क नाहीत आणि मार्कांशिवाय पुढचं दार नाही. हे मला कधी पटलं नाही आणि टाळताही आलं नाही.

श्रावणीचे सराव पेपर म्हणजे तपासायला सुख. फक्त एका ठिकाणी ती हमखास पडायची. नातेसंबंधाचे प्रश्न. ज्यांनी ही परीक्षा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, हे प्रश्न असे असतात: फोटोतल्या मुलीकडे बोट दाखवून सुनील म्हणाला, "ही माझ्या भावाची मुलगी." तर ती सुनीलची कोण? चार पर्याय. उत्तर पुतणी. श्रावणीचा गोळा बहिणीवर.

दुसरा प्रश्न: मीनाची वहिनी मीनाच्या मुलाची कोण? उत्तर मामी. श्रावणीचं उत्तर आजी.

मला आधी वाटलं, घाई करते. रागावले. पुढच्या पेपरात तेच. मग एक दिवस तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "मोठ्यानं विचार कर, मला ऐकू दे."

"सुनीलच्या भाऊची पोरगी," ती म्हणाली. "म्हंजे सुनीलची बहीणच झाली ना?"

"भावाची पोरगी बहीण कशी होईल गं?"

"मंग मी अन दिदी, दोघी भाऊच्या पोरी, एकमेकीच्या कोन हाओत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "घरी वडिलांना काय म्हणतेस?"

"भाऊ."

"आणि आईला?"

"वयनी."

वयनी म्हणजे वहिनी. धाकटे तीन काका तिच्या वडिलांना भाऊ म्हणत आणि आईला वयनी. घरात जन्मलेल्या प्रत्येक पोरानं तेच ऐकलं आणि तेच उचललं. त्या भागात हे घरोघर आहे. आजीला माय म्हणतात, आजोबांना बाबा. राखी बांधायचा तो भाऊ श्रावणीलाही माहीत होता. पण पेपर घड्याळ लावून सोडवताना 'भाऊ' वाचलं की तिच्या डोळ्यापुढे आधी बाप उभा राहायचा आणि 'वहिनी' वाचलं की आई. त्यापुढचं तिचं गणित अगदी चोख होतं. सुनीलच्या बापाची पोरगी ती सुनीलची बहीणच. मीनाची आई ती मीनाच्या पोराची आजीच. चूक तिच्या डोक्यात नव्हतीच.

मी उपाय काढला. म्हटलं, "सुट्टी लागेपर्यंत घरी वडिलांना बाबा म्हण आणि आईला आई म्हण. सवय बदलली की पेपरात अडणार नाहीस." मला हे फार छान सुचलंय असं वाटलं होतं.

दोनच दिवसांत ती म्हणाली, "मॅडम, बाबा म्हटलं की आबाजी ओ देते, अन भाऊ वळूनच पाह्यत नाही." आबाजी म्हणजे आजोबा, ज्यांना घरात सगळे बाबा म्हणत. मी हसून म्हटलं, "चालू दे."

तिसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. तास चालू होता. डोक्यावर पदर, पायात चिखल वाळलेल्या चपला, थेट वावरातून आलेली. तोवर आमची ओळख पालकसभेपुरती होती. ती सतरंजीच्या कडेशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, जरा इकडं या."

मी बाजूला गेले.

"तुमी माह्या पोरीले काय शिकवून राह्यल्या?"

"काय झालं?"

"काल मले म्हन्ते, आई, पानी दे. मले वाटलं घरात कोनी पाव्हनी आली. मागं वळून पाह्यलं तं हे."

मी समजावून सांगायला लागले, पेपर, नातेसंबंध, सवय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिले तठी होस्टेलात पाठवाचं का नाई, याच्यावर माहा जीव आधीच खालीवर होऊन राह्यला. सुट्टीत आलेली होस्टेलवाली पोरगी आईले आई म्हनन तशी म्हने ती. अजून गेली बी नाई अन परकी झाली. नाई बसवाची मले तिले परीक्षेले. फारम भरला तं भरला."

"श्रावणीच्या वडिलांचं काय म्हणणं?"

"त्याईचं काय. ते म्हन्ते, तिच्या वयनीले इचारा."

एवढं बोलून ती गेली. श्रावणी सतरंजीवर मान खाली घालून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बाकीच्या पोरांनीही ऐकलं होतं. त्या शाळेत जायचं हे श्रावणीनं चौथीपासून मनात धरलेलं. तिथं प्रयोगशाळा आहे आणि एका खोलीभर पुस्तकं आहेत, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ती ते मला दर आठवड्याला नव्यानं सांगायची. आता ते माझ्या शहाणपणामुळे हातचं जात होतं.

दुसऱ्या दिवशी श्रावणी तासाला आली ती माझ्याआधी. म्हणाली, "मॅडम, मी वयनीले वयनीच म्हनीन."

"म्हण बाई. माझंच चुकलं."

"पन पेपरात नाई चुकनार. आपन सेंटीमीटरचं मीटर करतो ना, तसं करीन. पेपरात वहिनी आली की आधी बदलून घ्याची, मंग गनित कराचं."

मी तिला लागोपाठ प्रश्न घातले. सुरुवातीला ओठ हलायचे, मग तेही थांबलं. एकही गोळा चुकला नाही. जे मी घरातली भाषा बदलून करायला निघाले होते, ते तिनं डोक्यात एक छोटं कोष्टक करून उरकलं. शिक्षक म्हणून मला अभिमान वाटला आणि शिक्षक म्हणूनच लाजही वाटली.

पण आई राहिली होती. सुट्टी लागली त्या दुपारी मी श्रावणीसोबत तिच्या वावरात गेले. आई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. मला बघून हात थांबवला नाही. उभं राहून काय बोलणार, म्हणून मीही पदर खोचून शेजारच्या ओळीला लागले. मी वेचलेल्या कापसात वाळक्या पानांचा इतका कचरा आला की तिला राहवलं नाही. माझ्या हातातून बोंड घेऊन म्हणाली, "असं नाई मॅडम. बोटं आत घालाचे अन अलगद ओढाचं." मी मनात म्हटलं, चला, बोलली तरी.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "लग्न होऊन आली तवा तिन्ही देर लहान होते. शाळेतून आले की वयनी भूक, वयनी पानी. श्रावणी बोलाले लागली तं तिचा पयला शब्द 'वयनी'. सगये हसले. मले इतकं बरं वाटलं मॅडम, की काय सांगू."

"मला ठाऊक असतं तर मी तिला तसं सांगितलं नसतं," मी म्हटलं. "आता ती घरी वयनीच म्हणेल. पेपरातलं तिनं तिचं तिनं जमवलंय. विचारून बघा तिला."

आईनं पोरीकडे पाहिलं. जरा विचार केला आणि म्हणाली, "सांग मंग. माह्या वयनीचा पोरगा तुहा कोन?"

श्रावणीनं विचारलं, "घरातलं सांगू का पेपरातलं?"

"दोनी सांग."

"पेपरातला मामेभाऊ. घरातला मामा."

आईचा हात थांबला. तिनं बोटांवर मनाशी हिशेब जुळवून पाहिला: माझी वहिनी, तिचा मुलगा, तो माझा भाचा, म्हणजे हिचा मामेभाऊ. आणि वयनी म्हणजे आई धरली तर माझ्या आईचा मुलगा, म्हणजे हिचा मामा. मग ती खळखळून हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

"लय डोकं हाये पोट्टीले," ती म्हणाली.

मी संधी साधून विचारलं, "मग बसवायचं का परीक्षेला?"

हसू गेलं. ती परत वेचायला लागली. वेचत वेचत ओळीच्या टोकाला पोहोचली. तिथं ओटी रिकामी करताना म्हणाली, "बसू द्या पेपरले. पाठवाचं मंग पाहू. आत्ता मले काई इचारू नका." मी विचारलं नाही. उलट घरी जाताना आणखी थोडा कापूस वेचून दिला, कचऱ्यासकट.

श्रावणीचा निकाल पुढे लागला आणि चांगला लागला, ते इथंच सांगून टाकते. मला सांगायचं आहे ते परीक्षेच्या दिवसाचं.

केंद्र मोताळ्याला होतं. आमच्या शाळेची पोरं घेऊन मी एसटीनं गेले. श्रावणीची आई स्वतःहून सोबत आली. बसमध्ये तिनं पोरीला दोनदा डबा खायला लावला आणि माझ्याशी पिकापाण्याचं बोलली. पाठवायचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही काढला नाही. पोरं आत गेल्यावर आम्ही फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात बसलो. सगळ्या तालुक्यातून माणसं आलेली. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतं. आमच्या शेजारी मलकापूरकडे माहेर असलेली एक बाई होती, चांगली बोलकी. तिचा मुलगा आत होता आणि पहिला येणार हे तिनं आम्हाला तेवढ्या वेळात बऱ्याचदा सांगितलं.

पेपर सुटला. फाटक उघडलं आणि पोरांचा लोंढा बाहेर आला. सगळीकडून एकच हाक, "आई! मम्मी! आई!" प्रत्येक हाकेला फाटकावरच्या सगळ्या बाया माना उंच करून बघायच्या, आपलं नाही म्हटल्यावर परत खाली बसायच्या. शेजारची बाई तर तीनदा उठून तीनदा बसली. श्रावणीची आई मात्र शांत बसलेली.

आणि त्या गलक्यातून खणखणीत आवाज आला, "वयनी! ओ वयनी!"

श्रावणीची आई ताडकन उठली. दुसऱ्या कुणी मानही वळवली नाही. श्रावणी माणसांतून वाट काढत पळत आली आणि येऊन तिच्या कमरेला बिलगली. "सगये आले वयनी! नात्याचे बी सगये आले!"

शेजारच्या बाईनं कौतुकानं दोघींकडे पाहिलं. म्हणाली, "नणंद का हो तुमची? लयच लहान दिसते."

मला वाटलं, आता हिला भाऊ, काका, एकत्र कुटुंब, सगळं सांगत बसावं लागणार. श्रावणीच्या आईनं तसं काही केलं नाही. तिनं पोरीच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि म्हणाली, "नाई वो. पोरगी हाये माही. जूनपासून होस्टेलात चालली शिकाले."

निकाल तर लांबच, उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही अजून शाळेच्या आतच होता. मी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.